आठ दिवसांसाठी नेलेला सोऱ्या

मी सोऱ्या बोलतोय. पितळेचा, दोन कानांचा, हातात घेतलात तर मनगट खाली जाईल इतका जड. नव्या मुलांना मी ठाऊक नसेन म्हणून सांगतो. माझ्या नळीत पीठ नाहीतर चीक भरतात, वरून दट्ट्या दाबतात आणि खालच्या जाळीतून शेव, चकली, कुरडई पडते.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार समजूतदार असतात. झिजलो, मोडलो, अडगळीत पडलो, तरी कुणाबद्दल तक्रार नाही म्हणतात. माझी आहे. तक्रार आहे, राग आहे, आणि एकोणचाळीस वर्षं मी तो घासूनपुसून लखलखीत ठेवला होता. त्याचं शेवटी काय केलं तेच सांगायला बसलोय. मध्येमध्ये गोड वाटलं तर तो सांगवीच्या उन्हाळ्याचा गुण समजा, माझा नव्हे.

माझा जन्म पुण्याचा. कसबा पेठेतल्या एका बोळात, जिथे सकाळपासून ठोक्यांशिवाय दुसरा आवाज नाही, तिथे एका म्हाताऱ्या कारागिरानं मला घडवलं. तारीख चौदा एप्रिल, एकोणीसशे एकोणऐंशी. तारीख मला पाठ आहे, कारण ती माझ्या अंगावर होती.

त्या दिवशी सुखदेवराव ओव्हाळ जयंतीसाठी पुण्यात आले होते. दरवर्षी येत आणि जाताना बायकोसाठी काहीतरी घेऊन जात. त्या वर्षी त्यांनी मला पसंत केलं. कुरडईची जाळी तेवढी करायची राहिली होती. कारागीर भोकं पाडत होता, सुखदेवराव घड्याळाकडे बघत होते.

"अहो, आटपा. माझी गाडी जाईल."

म्हाताऱ्याचा हात घसरला. दोन भोकं एकमेकांत मिसळली आणि आठाच्या आकड्यासारखं एक लांबट भोक झालं. तो म्हणाला, "थांबा, दुसरी जाळी करून देतो." सुखदेवराव म्हणाले, "राहू द्या. तेवढं नाव घाला."

नाव घातलं. पोटावर ठळक, 'सौ. सुशीला सुखदेव ओव्हाळ, १४-४-७९'. आणि जाळीच्या मागच्या बाजूला, जागा कमी म्हणून नुसतंच 'सु. सु.' जाळ्या शेजारीपाजारी अदलाबदल होतात, म्हणून तिच्यावरही खूण हवी, असं सुखदेवरावांचं म्हणणं. ते खात्यात नोकरीला होते. शिक्क्यावर त्यांचा विश्वास.

घर होतं बाजाराच्या सांगवीला. कालव्याच्या काठी पाटबंधारे खात्याची वसाहत, दोन दोन घरं एका भिंतीची, पुढे एकच लांब ओटा. सुखदेवराव कालवा निरीक्षक. सुशीलाबाईंनी मला उलटासुलटा करून पाहिलं आणि ते लांबट भोक बघून हसल्या.

"चुकलं म्हनून काय झालं? आता माजी कुरडई कुटंबी गेली तरी वळखू येईल."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढं तेच कामाला आलं.

सांगवी म्हणजे शेतीचं लहानसं गाव, नावापुरतं बाजाराचं. उन्हाळ्यात कांद्याच्या गाड्या वसाहतीवरून जात तेव्हा ओट्यावर पातीचा वास रेंगाळायचा. माळ्यावर गवतात आंबे घातलेले. कालव्याला पाणी सुटलं की गावातली सगळी पोरं आणि निम्म्या म्हशी एकाच वेळी पाण्यात. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सुशीलाबाईंचे गहू भिजायला पडत.

तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून सत्त्व काढायचं. चौथ्या दिवशी पहाटे तो चीक मोठ्या पातेल्यात शिजायला लागला की त्याच्या वासानं मुली उठत. दोन मुली. एक सुशीलाबाईंची शैला. दुसरी पुण्याची नीरजा.

नीरजाचा मामा भिंतीपलीकडच्या घरात राहायचा, खात्यातच कारकून. परीक्षा संपली की नीरजाला तिकडे पाठवत. ती मामाकडे फक्त झोपायला असायची. बाकी सगळा दिवस आमच्याकडे. वाटीत गरम चीक, वर दूध-साखर, आणि ही बया फुंकर न घालता खायची. जीभ भाजली की सुशीलाबाई म्हणत, "नीरू, चीक पळून चाललाय व्हय?" तिसऱ्या वाटीला तोंड पुसत म्हणायची, "ओव्हाळकाकू, माझ्या आईला नाही येत असा."

मला दाबायला जोर लागतो. सुशीलाबाई एकट्या दाबत, पण मुलींना हौस. मग दोघींनी चार तळवे एकावर एक ठेवून दट्ट्यावर लोंबकळायचं. जाळीतून दोर पडायचे आणि त्या लांबट भोकातून जोडदोर, पीळ पडलेला, वेणीसारखा. शैलानंच त्याला वेणी म्हटलं. मग वसाहतीत सगळेच म्हणायला लागले, ओव्हाळांची वेणीची कुरडई.

जाळी धुताना मागचं 'सु. सु.' वाचून या दोघी रोज नव्यानं हसत. शैला म्हणायची, "आईनं बाबांचं नाव घेतलं." नीरजा म्हणायची, "नाही गं, कुणालातरी जोराची लागलीय." की पुन्हा लोळण.

मग राखण. साड्यांवर घातलेल्या कुरडया वाळेपर्यंत कडुनिंबाचा फाटा घेऊन कावळे हाकायचे. राखणीची मजुरी म्हणून संध्याकाळी एक कुरडई तळून मिळे. तिच्यातली वेणी अलगद सोडवायची, दोघींनी एकेक टोक धरायचं आणि ओढायचं. कट्‌कन मोडली की जिच्या हातात मोठा तुकडा, ती दुसऱ्या दिवशी कुठं जायचं ते ठरवणार. शैला जिंकली तर कालवा. नीरजा जिंकली तर टरबुजांची वाडी. हरलेलीनं कुरकुरायचं नाही, असा नियम. नीरजा कुरकुरायचीच.

सुशीलाबाई मला वसाहतभर उसना देत. आणि मी कधी रिकामा परत आलो नाही. सांगवीत भांडं रिकामं परत करायची रीत नव्हती. कुणी माझ्या पोटात मूठभर शेंगा घालून पाठवायचं, कुणी गुळाचा खडा, काही नसलं तर दोन कांदे. सुशीलाबाई झाकण काढून आत बघत आणि म्हणत, "आज कुलकर्णीनबाईंकडं शेंगा फोडल्या वाटतं."

असे सात उन्हाळे गेले.

शहाऐंशीच्या मे महिन्यात नीरजाला न्यायला तिची आई आली. सुनीतीबाई. ओट्यावर बसली, आत आली नाही. सुशीलाबाईंनी चहा पुढे केला तेव्हा म्हणाली, "आत्ताच झाला." पाणी पुढे केलं तेव्हा म्हणाली, "तहान नाही." बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. शेजारी तिची मुलगी चिकाची वाटी चाटत उभी होती. तिच्याकडे सुनीतीबाईंनी असं पाहिलं की नीरजानं वाटी पाठीमागे लपवली. सात वर्षांत तिनं पहिल्यांदाच ती लपवली.

पण सुनीतीबाईंना मी आवडलो. त्यांचा लाकडी सोऱ्या तडकला होता.

"पुण्यात असं जुन्या घडणीचं मिळत नाही हो आता," त्या म्हणाल्या. मी पुण्यातच घडलो होतो. "आठ दिवसांसाठी नेला तर चालेल? भावाबरोबर परत पाठवते."

सुशीलाबाईंनी मला मांडीवर घेतलं. गावाबाहेर त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. तेव्हा शैलानं त्यांचा पदर ओढला. "आई, दे ना. नीरूच्या आईला दे ना."

"तू म्हंतीस म्हनून देते हां," सुशीलाबाई म्हणाल्या.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते विसरलो नाही आणि शैलाही विसरली नाही.

कर्वेनगरच्या घरी पोचलो त्याच दिवशी मला चिंचेनं घासलं. भांडं चिंचेनं घासतातच, त्यात वावगं काही नाही. एकदा घासतात. मला सात वेळा घासलं. मध्ये राख, पुन्हा चिंच, मग उकळतं पाणी. मोरीत उभी राहून नीरजा बघत होती. "आई, तो स्वच्छच असतो," ती म्हणाली. "तुला काय कळतंय," सुनीतीबाई म्हणाल्या आणि आठव्यांदा चिंच मागितली.

मी धातू आहे. मला भाजत नाही, खाजत नाही. पण त्या दिवशी मी शपथ घेतली.

पहिल्याच कुरडईला मी सुनीतीबाईंचं बोट दट्ट्याच्या कानात धरलं. नख महिनाभर काळंनिळं होतं. दिवाळीला पाहुणे दारात असताना माझ्यातून चकलीचे तुकडे पडले, एकही वेढा पुरा झाला नाही. "मेला हट्टी आहे," त्या म्हणायच्या. हट्टी नव्हतो. परका होतो.

आठ दिवसांचं वर्ष झालं. पुढच्या चैत्रात सांगवीहून पोस्टकार्ड आलं. सुनीतीबाईंचे यजमान गोपाळकृष्ण यांनी ते मोठ्यानं वाचलं. अक्षर शैलाचं होतं, मजकूर आईचा. 'सोऱ्या पाठवलात तर बरे होईल. गहू भिजवायचे आहेत.'

"अगं, देऊन टाक," गोपाळकृष्ण म्हणाले.

"रिकामा? काही रीतभात? कुरडया झाल्या की भरून पाठवू."

महिन्यानं दुसरं कार्ड आलं. "भरून पाठवते म्हटलं ना," सुनीतीबाई कार्डाकडे न बघताच म्हणाल्या. त्याच उन्हाळ्यात मामाची बदली झाली, सांगवीचा रस्ता तुटला, आणि तिसरं कार्ड आलं नाही. जी रीत सांगवीत मला परत आणायची, तीच रीत पुढे करून मला ठेवून घेतलं. रीतीचा एवढा हुशार उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

मग एक दिवस सुनीतीबाई म्हणाल्या, "हे नाव घेऊन हा चारचौघांत कसा काढायचा?" आणि मला पिशवीत घालून कसबा पेठेत नेलं. बरोबर नीरजा. तेव्हा ती बारा वर्षांची होती. मला तो बोळ ओळखू आला, ठोके ओळखू आले. माझा म्हातारा तिथे नव्हता, दुसराच कुणी बसला होता. त्यानं कानस घेतली. "जरा धर गं बाळ, हलतोय," तो म्हणाला, आणि नीरजानं मला दोन्ही कानांना धरलं.

कानस चालू झाल्यावर ती म्हणाली, "आई, हे शैलाच्या आईचं नाव आहे ना?"

"गप्प बस."

ती गप्प बसली. तिच्या हातातच माझं नाव भुगा होऊन खाली पडलं. मग तिथे नवीन उमटलं, 'सौ. सुनीती गोपाळकृष्ण'. तारीख घातली नाही. कोणती घालणार?

जाळी काढून बघितली तेव्हा कारागिरानं विचारलं, "इथं सु. सु. आहे, तेही काढू?" सुनीतीबाईंना घाई होती. "राहू दे. सु म्हणजे सुनीतीच."

तिथेच त्या चुकल्या. पण चूक पिकायला वेळ लागतो.

दहाएक वर्षं वापरून झाल्यावर पुढची वीस-बावीस वर्षं मी माळ्यावर होतो. सुनीतीबाईंचं वय झालं, मग त्या भिंतीवरच्या फोटोत गेल्या. सगळं बंद होतं त्या वर्षी नीरजानं मला खाली काढलं. आता ती मधल्या वयाची, चष्म्याची, कॉलेजच्या ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई. तिनं माझ्यावरची धूळ पुसली, जाळी डोळ्यासमोर धरली आणि एकदम म्हणाली, "वेणी!"

क्षणभर मला वाटलं, आता हिला आठवेल. आठवलं. सगळं आठवलं. पण तिनं त्यातलं सोयीचं तेवढं वेचून घेतलं.

तिचा मुलगा केयूर मोबाईल धरून उभा राहिला आणि नीरजा मला मांडीवर घेऊन बोलायला लागली. "नमस्कार मंडळी! हा बघा, माझ्या आईचा सोऱ्या. आम्ही सुट्टीत गावी जायचो ना, तर पहाटे चिकाच्या वासानं जाग यायची. आम्ही सगळी भावंडं त्या दट्ट्यावर लोंबकळायचो. आणि ही बघा, याची स्पेशालिटी. ही वेणी! आम्ही भावंडं ती ओढायचो…"

कालवा सांगितला. टरबुजं सांगितली. कडुनिंबाचा फाटा सांगितला. इतकं सुंदर सांगितलं की मीच क्षणभर सांगवीत गेलो. फक्त त्या सगळ्यात सुशीलाबाई नव्हत्या. चीक आपोआप शिजत होता. आणि शैला 'भावंडां'त विरघळून गेली होती.

माझ्यावरचं नाव कानशीनं पुसलं होतं. शैलाचं नाव हिनं गोड बोलून पुसलं. मला विचाराल तर दुसरं वाईट. सुनीतीबाईंनी निदान आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. हिनं तिसरी वाटी मागून घेतली होती.

लोकांना ते फार आवडलं. 'डोळे पाणावले ताई', 'माझं बालपण आठवलं'. कुरडयांना मागणी आली. गच्चीवर प्लास्टिक अंथरलं, दोन बायका हाताखाली आल्या. पाकिटावर नाव छापलं, 'वेणी — सांगवीच्या उन्हाळ्याची चव'.

बोटं चिमटायचं मी आता सोडून दिलं होतं. ते लहानपणचे उद्योग. आता मी मन लावून काम करायला लागलो. एकही दोर तुटू दिला नाही. नीरजा म्हणायची, "कसला गुणी आहे!" तिला काय ठाऊक, तिच्या गच्चीवरून जाणारी प्रत्येक कुरडई म्हणजे मी लिहिलेलं पोस्टकार्ड होतं. प्रत्येकीत एक वेणी. हजारो कार्डं टाकली मी. कुणीतरी, कुठंतरी ती वाचू शकणारं असेल, एवढ्याच आशेवर. सुशीलाबाई म्हणाल्या होत्या ना, कुटंबी गेली तरी वळखू येईल.

चार उन्हाळे काहीच झालं नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये खराडीच्या एका आयटी पार्कात स्टॉल होता. मला टेबलावर शोभेला ठेवलं होतं, कानाला मोगऱ्याचा गजरा बांधून. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी थांबली. "वेणी म्हणजे काय, काकू?"

नीरजानं पाठ झालेलं सांगितलं. मुलगी पाकीट उलटंसुलटं बघत पुटपुटली, "माझी आईपण असंच काहीतरी सांगते."

नीरजा तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. तिनं ऐकलं नाही. मी ऐकलं.

पुढं त्या मुलीच्या घरी काय झालं ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. तिचं नाव चैताली. संध्याकाळी आईनं कुरडई तळली, झारा वर काढला आणि गॅस बंद न करताच उभी राहिली. "ही कुठनं आणलीस?" चैताली म्हणाली, "स्टॉलवरून. का गं, खराब आहे?" आईनं त्या फुललेल्या कुरडईतून एक जाड दोर सोडवला, दोन बोटांत धरला आणि म्हणाली, "माझ्या आईची आहे ही."

दहा दिवसांनी, एका रविवारी दुपारी, कर्वेनगरच्या दाराची बेल वाजली.

"नीरू का गं तू?"

"अगं बाई! शैला!"

नीरजानं तिला मिठीच मारली. खोटी नव्हती, हेही सांगतो. डोळ्यांत पाणी होतं. "किती वर्षांनी! बस, बस. ही मुलगी तुझी? अगं, ही आली होती की स्टॉलवर! केयूर, ये रे, ही शैलामावशी. सांगवीची!"

शैला पन्नाशीची झाली होती. जिल्हा परिषदेत अधिकारी, कॉटनची साडी, केस आईसारखे मागे घट्ट बांधलेले. ती आली आणि आत बसली. नीरजानं पाणी दिलं. शैलानं पेल्याकडे बघितलं, भिंतीवरच्या सुनीतीबाईंकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्ताच झालं."

केयूरला उत्साह आला. "मम्मी, हे शूट करू? चाइल्डहुड फ्रेंड, चाळीस वर्षांनी! मस्त जाईल."

"अरे, विचार तरी मावशीला."

"करा की," शैला म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

नीरजानं मला आणून मध्ये ठेवलं. मोबाईल समोर आला आणि तिचा आवाज आपोआप बदलला. "तर मंडळी, ही माझी बालमैत्रीण शैला. आम्ही दोघी मिळून हा दट्ट्या दाबायचो, आठवतं ना गं?"

"आठवतं," शैला म्हणाली. "भावंडं कुठली गं होती तिथं? तू सांगतेस ना व्हिडिओत. मला तर आपण दोघीच आठवतोय."

"अगं, ते आपलं… बोलण्याच्या ओघात."

"असू दे. जरा जाळी काढतेस? मागं काय लिहिलंय ते वाचून दाखव ना. लोकांना मजा वाटेल."

नीरजानं टोपण फिरवलं, जाळी काढली. ती हसायला लागली, अगदी दहा वर्षांच्या मुलीसारखी. "अय्या! सु. सु.! आपण किती हसायचो याला!"

केयूरही हसला. मग मोबाईलमागूनच म्हणाला, "पण मम्मी, सु म्हणजे सुनीती, आजी. दुसरा सु कोण? आजोबा तर गोपाळकृष्ण ना?"

नीरजाचं हसू तोंडावरच थांबलं, बंद करायचं राहून गेलेल्या दिव्यासारखं. एकोणचाळीस वर्षं मी या क्षणाची वाट बघत होतो. आणि सांगतो, तो क्षण मला चिकाहून गोड लागला.

"सांग ना त्याला," शैला शांतपणे म्हणाली. "दुसरा सु कोण ते."

मला वाटलं, आता ही खोटं बोलेल. बोलावं, अशी माझी इच्छाही होती. सूड पुरा झाला असता. पण नीरजा खाली मान घालून म्हणाली, "सुखदेव. शैलाचे बाबा. हा सोऱ्या ओव्हाळकाकूंचा आहे. आईनं आठ दिवसांसाठी आणला होता." मग जरा थांबून, कुणी विचारलं नसताना, "नाव खरवडलं तेव्हा मीच धरला होता याला."

शैलाला हे ठाऊक नव्हतं. तिनं नीरजाकडे रोखून पाहिलं. "मग? काही म्हणाली नाहीस?"

"म्हटलं ना. हे शैलाच्या आईचं नाव आहे ना, असं विचारलं. आई म्हणाली, गप्प बस."

"आणि?"

"आणि बसले गप्प. लहान होते गं मी."

"मीपण तेवढीच होते," शैला म्हणाली. "मीच आईला म्हणाले होते, नीरूच्या आईला दे ना. आई मला त्यावरून कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दर चैत्रात दुसऱ्यांचा सोऱ्या मागायला मला नाही पाठवायची, स्वतः जायची. फळीवर याची जागा होती, तिथं दुसरं काही ठेवू दिलं नाही तिनं. चौदा वर्षं झाली तिला जाऊन. शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाली, 'त्या बाई भरून पाठवते म्हनल्या व्हत्या.'"

नीरजा रडायला लागली. डोळे पुसत उठली, मला उचललं आणि स्वयंपाकघराकडे वळली. "घेऊन जा गं. तुझाच आहे. थांब, रिकामा कसा देऊ, साखर घालते, नाहीतर कुरडया…"

"नीरू."

ती थांबली.

"रिकामाच दे. भरून देण्यासारखं तुमच्याकडं काही नाही."

नीरजानं मला तिच्या हातात दिलं. शैलानं मला कुशीत घेतलं, जसं मी उसना जाऊन परत आलो की सुशीलाबाई घेत. दारातून बाहेर पडताना केयूरचा आवाज आला, "मम्मी, हे पोस्ट नाही ना करायचं?"

"कर की," शैला चपला घालता घालता म्हणाली. "तुमच्या आठवणीच आहेत ना."

त्यानं केलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. पण नीरजानं नवा सोऱ्या आणला आहे, स्टीलचा, चकचकीत. त्यातून पडणाऱ्या कुरडईत सगळे दोर सारखे. चैताली मोबाईलवरची लोकांची वाक्यं मला वाचून दाखवते. 'ताई, यंदा वेणी दिसत नाही?' 'वेणी कुठे गेली?' 'पाकिटावर वेणी, आत काहीच नाही!' मी रोज ऐकतो. कंटाळा येत नाही.

आता मी खराडीत आहे, अकराव्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात चैताली म्हणाली, "आई, ते दुसऱ्या बाईंचं नाव काढून टाकू या. आजीचं घालू."

शैलानं माझ्या पोटावरून अंगठा फिरवला. तिथे पत्रा पातळ झालाय, खळगा लागतो. "पुन्हा खरवडला तर भोक पडेल. राहू दे ते. त्याच्या खाली आईचं घाल, तारखेसकट. वाचणारा विचारेल, एका सोऱ्यावर दोन नावं कशी? मग सांगू."

तसंच केलंय. सुनीतीबाईंनी मोठ्या हौसेनं घातलेलं नाव आता जन्मभर माझ्यावर राहणार, आणि जो वाचेल त्याला ते का आहे हे सांगितलं जाणार. मी सुचवलं असतं तरी याहून चांगलं सुचवू शकलो नसतो. लेक आईवर गेलीय, पण या बाबतीत माझ्यावर.

गेल्या आठवड्यात गहू भिजवले होते. चौथ्या दिवशी चीक शिजला, मी भरला गेलो, माय-लेकींनी बाल्कनीत कुरडया घातल्या. वाळल्यावर एका संध्याकाळी शैलानं एक तळली. वेणी अलगद सोडवली, एक टोक आपल्या बोटांत धरलं आणि दुसरं समोर केलं. सवयीनं. चैताली आत फोनवर होती. ओट्यापाशी कुणी नव्हतं.

शैलानं ते पुढे केलेलं टोक मागे घेतलं. मग सगळी वेणी एकटीनंच खाल्ली. त्या वेळी मला जे वाटलं ते मी सांगणार नाही. ते सुडात बसत नाही.

तुम्हाला मात्र एक सांगून ठेवतो. तुमच्याही फडताळात कुणाचं तरी भांडं असेल. आठ दिवसांसाठी आणलेलं. आज जरा खाली काढा, उलटं करा, नाव वाचा. आणि परत करून या. भरून द्यायची वाट बघू नका, रिकामंच द्या. नाव खरवडून टाकलं असेल तर जास्तच घाई करा. आम्ही बोलत नाही, असा तुमचा समज आहे. आता मी बोललोय.